कार्डाची बाकी दुसऱ्या बँकेकडे नेताना उशीर झाला तर विलंबशुल्क कोणी भरावे?

अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या धर्मग्रामांत शिक्षक, परिचारिका, कार्यालयीन कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांची संख्या मोठी आहे. ठरावीक वेतनावर संसार चालविणाऱ्या या कुटुंबांपैकी अनेकांच्या हाती आज क्रेडिट कार्ड आहे. लग्नकार्य, आजारपण, मुलांचे शुल्क यांपैकी एखादा खर्च कार्डावर होतो, पुढील महिन्यात पूर्ण रक्कम भरता येत नाही आणि थकबाकीवर व्याज चढू लागते. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या बँकेकडून निरोप येतो : ‘तुमची बाकी आमच्याकडे आणा, व्याज कमी लागेल.’ यालाच ‘बॅलन्स ट्रान्सफर’ किंवा शेष रकमेचे हस्तांतरण म्हणतात.

योजना उपयुक्त आहे. परंतु तिच्यात एक फट आहे. अर्ज केल्याच्या दिवसापासून रक्कम जुन्या कार्डावर जमा होईपर्यंत काही दिवस जातात. त्या दिवसांत जुन्या कार्डाची देय तारीख उलटली तर विलंबशुल्क लागते. कार्डधारक म्हणतो, ‘मी तर वेळेत अर्ज केला होता.’ नवी बँक म्हणते, ‘आम्ही मंजुरी दिली, पण प्रक्रियेला वेळ लागतो.’ जुनी बँक म्हणते, ‘आमच्याकडे पैसे आले नाहीत.’ तर मग हे शुल्क कोणी सोसावे? या प्रश्नाचे उत्तर कायदा, रिझर्व्ह बँकेचे निर्देश आणि व्यवहार यांच्या आधारे येथे क्रमाने मांडले आहे.

१. व्यवहार नेमका कसा घडतो?

या व्यवहारात तीन पक्ष असतात : कार्डधारक, जुनी बँक आणि नवी बँक. मात्र करार दोनच असतात. पहिला कार्डधारक व जुनी बँक यांच्यातील, दुसरा कार्डधारक व नवी बँक यांच्यातील. जुनी बँक व नवी बँक यांच्यात कोणताही करार नसतो. नवी बँक कार्डधारकाच्या विनंतीवरून जुन्या कार्डाच्या खात्यात पैसे भरते आणि तेवढी रक्कम त्याच्या नव्या कार्डावर नावे टाकते, एवढाच हा व्यवहार आहे. कर्ज एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे आपोआप ‘सरकत’ नाही. जुने कर्ज फिटते आणि नवे सुरू होते.

पूर्वी ही रक्कम धनादेश किंवा धनाकर्ष, म्हणजे डिमांड ड्राफ्ट, याच्याद्वारे टपालाने जात असे आणि तो वटण्यास आणखी वेळ लागत असे. आज बहुतेक रक्कम एनईएफटीद्वारे जाते. एनईएफटी नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाली आणि १६ डिसेंबर २०१९ पासून ती वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास चालते. दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसभरात ४८ तुकड्यांत तिचे व्यवहार होतात. म्हणून आज उशीर होतो तो बहुधा वाटेत नव्हे, तर अर्जाची छाननी, कागदपत्रे, मंजुरी आणि रक्कम पाठविण्याचा आदेश या टप्प्यांवर. जबाबदारी ठरविताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२. मूळ तत्त्व : पैसे पोहोचेपर्यंत देणेकरी आपणच

भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ६२ अन्वये जुन्या कराराच्या जागी नवा करार आणावयाचा असेल तर मूळ करारातील पक्षांची त्यास संमती लागते. आपण नव्या बँकेकडे अर्ज केला, तिने तो मंजूर केला, तरी जुन्या बँकेने आपल्याला देण्यातून मोकळे करण्यास संमती दिलेली नसते. त्याच अधिनियमाचे कलम ४१ सांगते की, धनकोने तिऱ्हाइताकडून कर्जफेड स्वीकारली तर तो पुन्हा मूळ ऋणकोकडे तीच मागणी करू शकत नाही. येथे ‘स्वीकारली तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तिऱ्हाइताने देण्याचे वचन दिले एवढ्याने कर्ज फिटत नाही. रक्कम प्रत्यक्ष पोहोचावी लागते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. मंजुरीचा संदेश म्हणजे भरणा नव्हे. जुन्या बँकेच्या दृष्टीने देय तारखेची जबाबदारी शेवटपर्यंत कार्डधारकाचीच राहते. नव्या बँकेने उशीर केला हे कारण जुन्या बँकेला बांधील ठरत नाही.

तथापि याचा अर्थ नवी बँक सर्वस्वी मोकळी, असाही नाही. तिचा आपल्याशी स्वतंत्र करार आहे. ठरावीक दिवसांत रक्कम पाठवू असे तिने लेखी कळविले असेल आणि ते पाळले नसेल, तर कलम ७३ नुसार करारभंगामुळे स्वाभाविकपणे झालेली हानी तिच्याकडून मागता येते. मुदत सांगितलीच नसेल तर कलम ४६ लागू होते : वचन वाजवी काळात पाळले पाहिजे. वाजवी काळ कोणता, हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरते.

३. ओगलेवाडीच्या कंदिलांचा खटला

पाठविलेले पैसे वाटेत असताना ते कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ज्या खटल्यात त्याचा विचार केला, तो महाराष्ट्राच्या मातीतलाच आहे. ओगलेवाडीच्या ओगले ग्लास वर्क्सचे ‘प्रभाकर’ कंदील मराठी घरांत एके काळी सर्वपरिचित होते. ओगलेवाडी त्या काळी औंध संस्थानात होती. या कारखान्याने भारत सरकारला कंदील पुरविले आणि त्याचे पैसे धनादेशाने देण्याची विनंती केली. सरकारने दिल्लीहून टपालाने धनादेश पाठविले. पैसे संस्थानात मिळाले की ब्रिटिश हिंदुस्थानात, यावर आयकराची आकारणी अवलंबून होती.

न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. धनादेश पुढे वटला, तर भरणा तो वटल्याच्या दिवशी नव्हे, तर धनादेश मिळाला त्या दिवशी झाला असे समजावयाचे. आणि पैसे घेणाऱ्यानेच धनादेश टपालाने पाठविण्यास सुचविले असेल, तर टपालखाते त्याचेच प्रतिनिधी ठरते. म्हणजे दिल्लीत टपालात टाकताच पैसे त्याला मिळाले. करार अधिनियमाचे कलम ५० हेच तत्त्व सांगते : धनकोने ज्या रीतीने देण्यास सांगितले, त्या रीतीने दिले म्हणजे देणे फिटते.

कार्डाच्या व्यवहाराला हे तत्त्व जपून लावावे लागते. भरण्याचा मार्ग जुन्या बँकेने स्वतः सांगितलेला असेल, त्या मार्गाने रक्कम तिच्याकडे पोहोचली असेल आणि तिने ती खात्यात उशिरा नोंदविली असेल, तर तो उशीर तिच्या माथी जातो. परंतु नव्या बँकेची निवड आपण केलेली असते, जुन्या बँकेने नव्हे. म्हणून नव्या बँकेकडून रक्कम निघण्यापूर्वीचा उशीर या तत्त्वाने जुन्या बँकेवर ढकलता येत नाही. तसेच, रक्कम वसूल होईल त्याच तारखेला भरणा धरला जाईल, अशी अट कार्डाच्या करारात असू शकते. ती आधी वाचून घ्यावी.

४. रिझर्व्ह बँकेचे निर्देश काय सांगतात?

क्रेडिट कार्डांविषयीचे सविस्तर निर्देश रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढले, ते १ जुलै २०२२ पासून अमलात आले आणि ७ मार्च २०२४ रोजी त्यांत सुधारणा झाल्या. प्रस्तुत विषयाशी संबंधित तरतुदी अशा :

(अ) देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा अधिक काळ रक्कम थकली तरच विलंबशुल्क आकारता येते आणि पतमाहिती कंपनीकडे खाते थकीत म्हणून कळविता येते. उदाहरणार्थ, देय तारीख १० असेल आणि रक्कम १३ तारखेपर्यंत जमा झाली, तर विलंबशुल्क लागू नये. मात्र तीन दिवस उलटले तर दिवसांची मोजणी मूळ देय तारखेपासूनच होते.

(आ) विलंबशुल्क व दंडव्याज देय तारखेनंतर उरलेल्या रकमेवरच आकारावयाचे, बिलाच्या संपूर्ण रकमेवर नव्हे.

(इ) न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिळवून त्यावर चक्रवाढ व्याज आकारता येत नाही.

(ई) बिल मिळाल्यानंतर भरण्यासाठी किमान एक पंधरवड्याचा अवधी मिळाला पाहिजे.

(उ) सर्व बाकी फेडल्यावर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण केली पाहिजे. अन्यथा बँकेला विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तीन दिवसांची सवलत विलंबशुल्कापुरती आहे, व्याजापुरती नाही. बाकी पुढे ओढली की थकबाकीवर व्याज चालूच राहते आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही संपते.

५. उशीर कोठे झाला, त्यावरून जबाबदारी

पहिला टप्पा, अर्जदाराचा. कार्डाचा क्रमांक चुकीचा लिहिला, कागदपत्रे अपुरी दिली, किंवा देय तारखेच्या दोन दिवस आधी अर्ज केला, तर शुल्क कार्डधारकानेच सोसावे, हे न्याय्य होय.

दुसरा टप्पा, नव्या बँकेचा. अर्ज पूर्ण होता, मंजुरीही मिळाली, पण सांगितलेल्या मुदतीत रक्कम निघाली नाही, किंवा बँकेने स्वतः क्रमांक चुकविला. अशा वेळी जुन्या बँकेचे शुल्क प्रथम कार्डधारकाने भरावे आणि ते कर व वाढीव व्याजासह नव्या बँकेकडे लेखी मागावे. योजनेच्या अटींत ‘जुने कार्ड वेळेत भरण्याची जबाबदारी ग्राहकाची’ असे वाक्य असेल तर मागणी दुबळी होते; म्हणून ते वाक्य अर्जापूर्वी शोधावे.

तिसरा टप्पा, वाटेतला. एनईएफटीची तुकडी पूर्ण झाल्यापासून दोन तासांत रक्कम जमा झाली पाहिजे किंवा परत गेली पाहिजे. जमा करण्यास उशीर झाल्यास ती घेणाऱ्या बँकेने रेपो दर अधिक दोन टक्के या दराने दंडव्याज द्यावयाचे असते. रक्कम कोणत्या दिवशी निघाली याचा पुरावा म्हणजे यूटीआर क्रमांक. तो नव्या बँकेकडून अवश्य मागून घ्यावा.

चौथा टप्पा, जुन्या बँकेचा. यूटीआर क्रमांकानुसार रक्कम देय तारखेपूर्वी तिच्याकडे पोहोचली होती, पण तिने ती कार्डावर उशिरा दाखविली. येथे विलंबशुल्क रद्द होणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ती बँकेची मेहेरबानी नव्हे.

६. किती रुपयांचा प्रश्न आहे?

समजण्यासाठी एक कल्पित हिशेब घेऊ. जुन्या कार्डावर ६०,००० रुपये बाकी आहे, व्याज दरमहा साडेतीन टक्के. महिन्याचे व्याज २,१०० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ३७८ रुपये, मिळून २,४७८. नवी बँक दरमहा दीड टक्का व्याज सांगते : ९०० रुपये व कर १६२, मिळून १,०६२. पहिल्या महिन्याची बचत १,४१६ रुपये. नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क एक टक्का, म्हणजे ६०० रुपये व कर १०८, मिळून ७०८ रुपये वजा केल्यास हाती ७०८ रुपये उरतात. आता जुन्या बँकेने १,००० रुपये विलंबशुल्क व त्यावर १८० रुपये कर आकारला, तर ही बचत संपून उलट ४७२ रुपयांचा तोटा होतो. पतमाहितीत उशिराची नोंद झाली तर तिची किंमत वेगळीच. घरकर्ज किंवा मुलांचे शिक्षणकर्ज घेताना ती पुढे येते.

यावर साधा उपाय आहे. जुन्या बिलावरील किमान देय रक्कम देय तारखेपूर्वी आपणच भरावी. ती बाकीच्या पाच टक्के असेल तर या उदाहरणात ३,००० रुपये होते. एवढे भरल्यास विलंबशुल्क लागत नाही आणि थकबाकीची नोंदही होत नाही. पुढे नव्या बँकेची पूर्ण रक्कम आली आणि जुन्या कार्डावर जादा जमा राहिली, तर ती आपल्या बचत खात्यात परत मागता येते. हस्तांतरण मंजूर झाले म्हणून किमान रक्कम थांबविणे, हीच या व्यवहारातील सर्वांत महाग पडणारी चूक होय.

७. व्याजाचा दर अवाजवी आहे, असे म्हणता येईल का?

वऱ्हाडाला सावकारी व्याजाचा दीर्घ अनुभव आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा खाजगी सावकारांसाठी आहे. बँकेने दिलेल्या कर्जास तो लागू होत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी, कार्डाची रक्कम वेळेत न भरणाऱ्यांकडून वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. शिवाय बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ याच्या कलम २१अ नुसार, केवळ व्याजदर अवाजवी आहे या कारणावरून न्यायालयाला बँकेचा व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. म्हणून तक्रार करताना ‘दर फार आहे’ असे न लिहिता ‘शुल्क नियमाविरुद्ध आकारले’ किंवा ‘दिलेली मुदत पाळली नाही, ही सेवेतील त्रुटी आहे’ असे लिहावे. पहिले टिकत नाही. दुसरे पुराव्यानिशी टिकू शकते.

८. तक्रार कोठे व कशी करावी?

प्रथम ज्या बँकेचा दोष आहे तिच्याकडे लेखी तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. दूरध्वनीवरील संभाषण पुरेसे नाही. तक्रारीत अर्जाची तारीख, मंजुरीची तारीख, रक्कम निघाल्याची तारीख, यूटीआर क्रमांक, रक्कम जमा झाल्याची तारीख आणि आकारलेले शुल्क हे सहा तपशील द्यावेत. दोष कोणाचा हे निश्चित नसेल तर दोन्ही बँकांना लिहावे.

तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून निरनिराळ्या लोकपाल योजना एकत्र झाल्या, त्यामुळे कोणत्या शहराचा लोकपाल हा प्रश्न उरला नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर करता येते, तसेच चंडीगड येथील केंद्राकडे टपालाने पाठविता येते. माहितीसाठी १४४४८ हा निःशुल्क क्रमांक आहे. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेल्यास, किंवा तोच वाद न्यायालयात चालू असल्यास, तक्रार स्वीकारली जात नाही.

दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. १९८६ च्या जुन्या कायद्यात नसलेली एक सोय त्यात आहे : तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. बँकेचे मुख्य कार्यालय मुंबई किंवा चेन्नईत असले तरी अचलपूरच्या रहिवाशाला अमरावतीच्या आणि मूर्तिजापूरच्या रहिवाशाला अकोल्याच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत झाली पाहिजे. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

पतमाहितीत चुकीची नोंद झाली असेल तर ती स्वतंत्रपणे दुरुस्त करून घ्यावी. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. दुरुस्तीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२३ साली केली असून ती एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

९. ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

• बिल येताच अर्ज करावा. देय तारीख जवळ येईपर्यंत थांबू नये.
• रक्कम किती दिवसांत जमा होईल हे नव्या बँकेकडून लेखी घ्यावे.
• जुन्या कार्डाचा क्रमांक दोनदा ताडून पाहावा.
• किमान देय रक्कम स्वतः वेळेत भरावी.
• रक्कम जमा झाल्याचे जुन्या बँकेच्या बिलात दिसेपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये. शेवटच्या काही दिवसांचे व्याज पुढील बिलात येऊ शकते; तेही फेडावे.
• जुने कार्ड ठेवावयाचे नसेल तर बाकी शून्य झाल्यावर लेखी विनंती करून बंद करावे. उघडे ठेवून पुन्हा वापरले तर एकाच्या जागी दोन कर्जे होतात.
• ‘बाकी कमी व्याजावर आणून देतो’ असे दूरध्वनीवर सांगून कार्डाचा क्रमांक व ओटीपी मागणाऱ्यास काहीही सांगू नये. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

सारांश, जुन्या बँकेसमोर उत्तरदायी कार्डधारकच असतो. मात्र ज्याच्या हातून उशीर झाला त्याच्याकडून भरपाई मागण्याचा त्याचा हक्क कायम राहतो. हा हक्क तारखांच्या पुराव्यावर उभा आहे. तेव्हा अर्जाची प्रत, मंजुरीचा संदेश, यूटीआर क्रमांक आणि दोन्ही बँकांची बिले एकाच पाकिटात जपून ठेवावीत. ज्या घरात कार्डाचा हिशेब एकच व्यक्ती पाहते, तेथे या पाकिटाची जागा घरातील दुसऱ्या एका तरी माणसास माहीत असावी.